मस्करीची कुस्करी : काही खोडकर इंग्रजी शब्दांचा इतिहास

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना आम्हाला भाषांचा बाजार रोज पाहायला मिळतो. मुलांच्या घरी दख्खनी किंवा कोकणी, वर्गात उर्दू, रस्त्यावर मराठी आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजीची सरमिसळ. या बाजारात अलीकडे काही इंग्रजी नाणी फार खणखणू लागली आहेत. एकाने दुसऱ्याचा डबा लपवला, दुसरा रडकुंडीला आला, की उत्तर तयार असते : 'प्रँक होता.' कोणाच्या रंगावरून, बोलण्याच्या लकबीवरून चार जण हसले आणि विचारणा झाली, तर 'जस्ट किडिंग'. हे दोन शब्द उच्चारले की गुन्हा माफ, अशी मुलांची समजूत आहे. मुलांचीच कशाला, मोठ्यांचीही आहे.

इंग्रजी शब्दकोशात या शब्दांपुढे बहुधा 'निरुपद्रवी', 'गमतीने केलेले' असे अर्थ दिलेले असतात. पण निरुपद्रवी हे ठरवले कोणी? खोडी काढणाऱ्याने की ज्याची खोडी काढली त्याने? हा प्रश्न मनात धरून आम्ही या शब्दांच्या वंशावळी पाहू लागलो, तेव्हा लक्षात आले की यातले बरेच शब्द जन्मतः निरुपद्रवी नव्हते. कोणी दुष्टपणाच्या घरात जन्मला आणि पुढे साळसूद झाला. कोणी प्रेमाच्या घरात जन्मून गुंड झाला. शब्दांचा हा इतिहास म्हणजे एका परीने माणसांच्या वागण्याचाच इतिहास आहे.

पिंजलेली लोकर, पिंजलेले मन

'टीज' या शब्दापासून सुरुवात करू. आज त्याचा अर्थ चिडवणे, छेडणे. पण जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता लोकरीचे धागे ओढून सुटे करणे, म्हणजे पिंजणे. 'टीझल' नावाची एक काटेरी वनस्पती आहे. तिची वाळलेली बोंडे लोकरीच्या कापडावरून फिरवून त्यावर लव उठवली जाई. त्या झाडाचे नावही याच शब्दातून आले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीस हा शब्द कापडावरून माणसावर आला. काटेरी बोंड लोकरीवरून फिरवावे तसे बोलणे दुसऱ्याच्या मनावरून फिरवणे, म्हणजे 'टीज' करणे.

आपल्या वाचकांना ही प्रतिमा वेगळी समजावून सांगायला नको. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी अशा नावांनी ओळखला जाणारा आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजत आला आहे. धनुकलीच्या तातीखाली कापसाचे काय होते ते त्यांनी पाहिले आहे. पिंजल्याने कापूस मऊ होतो, हे खरे. पण त्यासाठी आधी त्याची गाठ न्‌ गाठ तुटावी लागते. 'टीज' या शब्दात दोन्ही गोष्टी आहेत, मऊपणाही आणि तुटणेही. शब्दकोशाने मऊपणा तेवढा पुढे ठेवला.

वर चढलेले आणि खाली घसरलेले

'प्रँक' हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत दिसू लागतो. त्याची व्युत्पत्ती भाषापंडितांना अजून नक्की लावता आलेली नाही. पण त्या काळचा अर्थ स्पष्ट आहे : दुष्टपणाने केलेली करणी, कपटकृत्य. हळूहळू त्यातले विष उतरत गेले आणि उरली ती पोरकट खोडी.

'मिस्चिफ'चे तसेच. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता संकट, दुर्दैव. आज एखाद्या मुलाला लाडाने 'मिस्चिव्हस' म्हणजे खट्याळ म्हणतात. मात्र कायद्याने जुना अर्थ सोडला नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ४२५ प्रमाणे 'मिस्चिफ' हा गुन्हा होता; दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून हानी करणे असा त्याचा अर्थ. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तिथेही कलम ३२४ मध्ये तो आहेच. मराठी कायद्याच्या भाषेत त्याला 'आगळीक' म्हणतात. एकच शब्द आईच्या तोंडी कौतुकाचा आणि फौजदाराच्या तोंडी अटकेचा!

उर्दूत याला जोडीदार आहे, 'शरारत'. 'बच्चा बडा शरारती है' हे आपण हसत हसत म्हणतो. पण या शब्दाचे अरबी मूळ 'शर्र' आहे, म्हणजे 'खैर'च्या उलट, वाईट, अनिष्ट. म्हणजे खोडीच्या शब्दाचे बीज दुष्टतेत असणे ही काही इंग्रजीचीच मिरास नाही.

'किडिंग'ची गोष्ट निराळी. 'किड' म्हणजे बकरीचे पिल्लू, करडू. त्यावरून लहान मूल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चोरट्यांच्या बोलीत 'किड' करणे म्हणजे गोड बोलून गंडवणे असा अर्थ नोंदलेला आहे. समोरच्याला लहान मूल समजून बनवायचे, हा त्यामागचा भाव. आज 'आय ॲम किडिंग' म्हणणारा नकळत हेच सांगत असतो की, मी तुला करडू समजलो होतो.

या सर्वांच्या उलट दिशेने गेला तो 'बुली'. सोळाव्या शतकात हा प्रेमाचा शब्द होता, जिवलग, प्रियकर या अर्थाचा. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकात बॉटम नावाच्या विणकराला त्याचे सोबती 'बुली' म्हणूनच हाक मारतात, आणि त्यात लोभ आहे. पुढे तोच शब्द दांडगटाला लागला आणि आज दुबळ्यांना छळणाऱ्याला 'बुली' म्हणतात. जिवलगाचा जुलमी कधी झाला ते शब्दालाही कळले नसेल. आपल्या कितीतरी मैत्र्यांचे असेच होते.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. इंग्रजीत एखाद्याचा 'लेग पुल' करणे म्हणजे त्याची फिरकी घेणे. मराठीत शब्दशः तेच केले तर अर्थ पालटतो. 'पाय ओढणे' म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणे. कृती एकच, पण मराठीने ती पडणाऱ्याच्या बाजूने पाहिली आणि इंग्रजीने हसणाऱ्याच्या बाजूने.

स्विफ्टची तक्रार

'बँटर' म्हणजे दोघांनी एकमेकांची खेळीमेळीने उडवलेली टोपी. हा शब्द १६७० च्या सुमारास लंडनमध्ये अवतरला. कुठून आला ते कळत नाही. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा लेखक जोनाथन स्विफ्ट याला हा शब्द मुळीच सहन होत नसे. १७१० मध्ये 'टॅटलर' या नियतकालिकात त्याने इंग्रजी बिघडवणाऱ्या नव्या शब्दांविरुद्ध लेख लिहिला. 'मॉब', 'बँटर', 'बँबूझल' हे त्याचे आरोपी. 'मॉब' आणि 'बँटर' यांना रोखण्यासाठी आपण कित्येक वर्षे जिवापाड प्रयत्न केले, पण संख्याबळापुढे हरलो, अशी कबुली त्याने दिली. हा शब्द लंडनच्या व्हाइटफ्रायर्स भागातल्या गुंडांनी आणला, तिथून तो नोकरचाकरांत गेला आणि शेवटी पंडितांच्या तोंडी बसला, असे त्याने त्याच वर्षी अन्यत्र लिहून ठेवले.

स्विफ्ट हरला. 'मॉब'ही राहिला, 'बँटर'ही राहिला. भाषेवर पहारा बसवणाऱ्यांचे बहुधा असेच होते. पण त्याने सांगितलेला प्रवास लक्षात ठेवण्यासारखा आहे. गुंडांचा शब्द सभ्यांच्या तोंडी गेला, की त्यावर सभ्यतेचा मुलामा चढतो. या शब्दाकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

हसले कोण, भरले कोणी

'होक्स' म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेली फसवणूक, तीही गमतीसाठी. हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. जादूगाराच्या 'होकस पोकस' मंत्रातल्या 'होकस'चे हे आखूड रूप असावे, असे मानतात. शब्द नंतर आला, कृती आधीपासून होतीच. जानेवारी १७४९ मध्ये लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहाची एक जाहिरात झळकली : एक मनुष्य सर्वांदेखत साध्या बाटलीत शिरून आत गाणे म्हणून दाखवील. नाट्यगृह भरून गेले. राजपुत्र, ड्यूक ऑफ कंबरलँडही आला. बाटलीवाला काही आला नाही. खवळलेल्या प्रेक्षकांनी आतले सामान मोडले आणि बाहेर काढून जाळले.

याहून गाजली ती १८१० च्या नोव्हेंबरातली बर्नर्स स्ट्रीटची खोडी. थिओडोर हुक नावाच्या तरुण लेखकाने लंडनमधील कोणतेही साधे घर आपण आठवड्यात शहरभर गाजवून दाखवू अशी पैज मारली, अशी आख्यायिका आहे. त्याने बर्नर्स स्ट्रीटवरच्या ५४ क्रमांकाच्या घरातील बाईंच्या नावाने शेकडो पत्रे धाडली. ठरल्या दिवशी सकाळी धुराडी साफ करणारे आले. मग कोळशाच्या गाड्या, केक घेऊन हलवाई, डॉक्टर, वकील, पियानोवाले, शवपेटी घेऊन अंत्यविधी करणारे. लॉर्ड मेयरसुद्धा आला. रस्ता तुंबला, गाड्या आदळल्या, माल रस्त्यावर सांडला. संध्याकाळी घरकामाची नोकरी मिळेल या आशेने नोकरमाणसे आली. समोरच्या घरात जागा घेऊन हुक हा तमाशा पाहत बसला होता, असे सांगतात. त्याला शिक्षा झाली नाही.

इंग्रजी पुस्तकांत ही हकीकत नेहमी हसतखेळत सांगितलेली असते. वाचताना हसू येतेही. पण त्या दिवशीच्या कोळसेवाल्याचा हिशेब कोणी मांडत नाही. लॉर्ड मेयर बग्गीत बसून परत गेला. कोळसेवाल्याची दिवसाची मजुरी गेली, आणि नोकरीच्या आशेने आलेली मोलकरीण चालत परतली. 'होक्स'ची किंमत कोणीतरी भरतोच, फक्त त्याचे नाव इतिहासात येत नाही.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. १९०५ साली केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या होरेस डी व्हिअर कोल या श्रीमंत तरुणाने मित्रांसह तोंडाला रंग फासला, झगे-पागोटी चढवली आणि झांजिबारच्या सुलतानाचा चुलता म्हणून केंब्रिजच्या मेयरकडून सरकारी पाहुणचार घेतला. त्या वेळी झांजिबारचे सुलतान खरोखरच इंग्लंडात आलेले होते. त्यांचे फोटो वृत्तपत्रांत छापून आले होते, म्हणून चुलत्याचे सोंग. १९१० च्या फेब्रुवारीत याच कोलने 'ड्रेडनॉट' या ब्रिटिश आरमाराच्या अभिमानाच्या युद्धनौकेवर 'ॲबिसिनियाचे राजपुत्र' नेले. त्या सोंगाड्यांत पुढे व्हर्जिनिया वुल्फ म्हणून प्रसिद्ध झालेली तरुण लेखिकाही होती, दाढी आणि पागोटे लावून. नौकेवर ॲबिसिनियाचे राष्ट्रगीत मिळेना, म्हणून वाद्यवृंदाने झांजिबारचेच वाजवले. दुभाष्याने लॅटिन आणि ग्रीक शब्द तोडून-मोडून 'राजभाषा' बनवली. आरमाराची अब्रू गेली.

मोठ्यांची मिजास उतरवणारी खोडी म्हणून ही गोष्ट आम्हालाही आवडते. जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराला सहा पोरांनी बनवले, यात एक प्रकारचा न्याय आहे. पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. २७ ऑगस्ट १८९६ रोजी ब्रिटिश नौकांनी झांजिबारच्या सुलतानाच्या राजवाड्यावर तोफा डागल्या होत्या. ती लढाई पाऊण तासही चालली नाही. इतिहासाच्या प्रश्नमंजूषेत 'जगातले सर्वांत लहान युद्ध कोणते?' असा गमतीचा प्रश्न असतो, तो याच लढाईचा. त्या पाऊण तासात झांजिबारचे सुमारे पाचशे लोक मेले किंवा जखमी झाले. त्यानंतर नऊच वर्षांनी केंब्रिजच्या पोरांना झांजिबारी होण्याची हौस आली. तोफा डागणारे विसरले होते, म्हणून त्यांना सोंग सुचले. ज्यांचा राजवाडा कोसळला त्यांना ते सुचले असते काय?

एप्रिल फूल आणि ग्रॅनाडा

खोडीच्या शब्दांत 'एप्रिल फूल'ला टाळून चालणार नाही. त्यातही आपल्या उर्दू वाचकांशी आम्हाला याबाबत मोकळेपणाने बोलायचे आहे.

दर मार्चअखेरीस एक मजकूर फिरतो. पूर्वी तो झेरॉक्सच्या कागदावर येई, मग एसएमएस आणि ईमेलवर आला, आता व्हॉट्सॲपवर येतो. मजकूर असा, की १ एप्रिलला ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी स्पेनच्या मुसलमानांना सुरक्षित नेतो म्हणून जहाजात बसवले आणि समुद्रात बुडवले, त्या फसवणुकीचा उत्सव म्हणजे एप्रिल फूल. वाचून रक्त तापते. पण तारखा तपासल्या तर ही कथा टिकत नाही.

ग्रॅनाडाचे शेवटचे सुलतान अबू अब्दुल्लाह यांनी शहराच्या किल्ल्या दिल्या त्या २ जानेवारी १४९२ रोजी, एप्रिलमध्ये नव्हे. शरणागतीच्या करारात मुसलमानांना त्यांचा धर्म, मशिदी आणि कायदा सांभाळण्याची हमी होती. दहा वर्षांच्या आत ती हमी मोडली गेली आणि १५०२ मध्ये कॅस्टिलमधील मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. धर्मांतर केलेल्यांच्या वंशजांनाही पुढे १६०९ ते १६१४ या काळात स्पेनमधून हाकलण्यात आले. ती संख्या सुमारे तीन लाख होती. आणि १४९२ च्या ३१ मार्चला ज्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला ते मुसलमान नव्हते, यहुदी होते.

एप्रिल फूलचा इंग्लंडमधला उल्लेख सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. जॉन ऑब्रे या संग्राहकाने १६८६ मध्ये १ एप्रिलच्या 'मूर्खांच्या सणा'ची नोंद केली. १६९८ मध्ये लंडनच्या टॉवरमधल्या सिंहांना आंघोळ घालतात ती पाहा, असे सांगून लोकांना तिथे धाडल्याचे वृत्त आहे. त्याआधी १५६१ मध्ये फ्लेमिश भाषेतल्या एका कवितेत एक मालक आपल्या नोकराला १ एप्रिलला उगाच हेलपाटे घालायला लावतो. यात कुठेही ग्रॅनाडा नाही.

खरी फसवणूक केवढी मोठी होती पाहा. लेखी करार मोडला, तीन लाख माणसे घरादारास मुकली. या दुःखाला खोट्या जहाजांची जोड कशाला हवी? खोटी कथा उघडी पडली की ऐकणारा खऱ्या कथेवरही अविश्वास दाखवतो. एप्रिल फूलचा निषेध करण्यासाठी आपणच लोकांना एप्रिल फूल करायचे, हा तर अजबच न्याय झाला.

'रॅग'चा प्रवास

आतापर्यंतचे शब्द दूरच्या देशातले होते. 'रॅग' मात्र आपल्या दारात आला आहे. अठराव्या शतकात या क्रियापदाचा अर्थ होता रागावणे, टोचून बोलणे. पुढे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तो दंगामस्तीसाठी उचलला. लष्करातही तो गेला. १९०३ साली लंडनमध्ये ग्रेनेडियर गार्ड्स पलटणीतील तरुण अधिकाऱ्यांना झालेल्या 'रॅगिंग'वरून मोठा गवगवा झाला होता. इंग्लंडच्या विद्यापीठांत 'रॅग' या शब्दाला पुढे बरे दिवस आले. तिथे 'रॅग वीक' म्हणजे विद्यार्थ्यांनी सोंगे काढून धर्मादाय निधी गोळा करण्याचा सप्ताह.

हाच शब्द आपल्याकडे वसतिगृहांच्या वाटेने आला आणि इथे त्याची मस्करीची कुस्करी झाली. नव्या मुलाची भीड चेपावी, जुन्या-नव्यांची ओळख व्हावी, असे समर्थन दिले जाई. प्रत्यक्षात खेड्यातून आलेला, इंग्रजी न येणारा, आडनावावरून ओळखला जाणारा मुलगाच बहुतेक वेळा हाताला सापडे. १९९६ मध्ये तामिळनाडूत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा यातून खून झाला आणि १९९७ मध्ये त्या राज्याने रॅगिंगविरोधी कायदा केला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये केला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. न्यायालयाच्याच आदेशाने नेमलेल्या राघवन समितीचा अहवाल २००७ मध्ये आला आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व उच्च शिक्षणसंस्थांना बंधनकारक असे विनियम लागू केले.

महाराष्ट्राच्या कायद्यातील रॅगिंगची व्याख्या शिक्षकाने तरी एकदा वाचावी. विद्यार्थ्याला चिडवणे आणि त्याच्यावर 'प्रॅक्टिकल जोक' करणे ही दोन्ही कृत्ये धमकी आणि इजा यांच्या पंगतीत बसवलेली आहेत. भीती, लाज, संकोच निर्माण होईल असे वर्तनही त्यात येते. एखादा विद्यार्थी एरवी स्वखुशीने जे करणार नाही ते त्याला करायला सांगणे, हेही रॅगिंगच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. शिवाय दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढून टाकतात आणि पाच वर्षे इतरत्र प्रवेश मिळत नाही.

म्हणजे जो प्रश्न आम्ही सुरुवातीला विचारला, निरुपद्रवी हे ठरवायचे कोणी, त्याचे उत्तर १९९९ च्या कायद्याने देऊन ठेवले आहे. हसणाऱ्याचा हेतू काय होता एवढ्यावर कायदा थांबत नाही. समोरच्याच्या मनाचे काय झाले, ते तो पाहतो.

हव्वाची छेड

'टीज'चे दुसरे भारतीय अपत्य म्हणजे 'ईव्ह-टीझिंग'. हा शब्द इंग्लंडमध्ये घडला नाही. आपल्या उपखंडातल्या इंग्रजीने तो घडवला. रस्त्यात बाईच्या अंगचटीला जाणे, पाठलाग करणे, अचकट-विचकट बोलणे, या सर्वांवर या एका गोंडस शब्दाने पांघरूण घातले. 'टीज' म्हटले की अपराध अर्धा होतो. 'ईव्ह' म्हटले की मोहात पाडणारी तीच, असेही सुचवता येते. ईव्ह म्हणजे आपल्या बीबी हव्वा. साऱ्या मानवजातीच्या आईचे नाव घेऊन तिच्या लेकींची छेड काढायची आणि त्याला गंमत म्हणायचे!

तामिळनाडूने १९९८ मध्ये केलेल्या कायद्याच्या नावातही आधी 'ईव्ह-टीझिंग' होते. नंतर दुरुस्ती करून तिथे 'स्त्रियांचा छळ' असे स्पष्ट शब्द आले. ३० नोव्हेंबर २०१२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'ईव्ह-टीझिंग' हा शब्द म्हणजे सौम्य नाव आहे, असे नोंदवून ते रोखण्यासाठी राज्यांना सूचना दिल्या. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने लैंगिक छळ आणि पाठलाग हे गुन्हे त्यांच्या खऱ्या नावांनी कायद्यात आणले. नाव बदलले म्हणून रस्ता लगेच सुरक्षित झाला नाही. पण तक्रार करणाऱ्या मुलीला आता 'अगं, गंमत केली असेल' असे सांगणे निदान कायद्याच्या भाषेत अवघड झाले.

पुन्हा 'बँटर'

आता स्विफ्टच्या त्या नावडत्या शब्दाकडे परत जाऊ. कराचीत जन्मलेला आणि लहानपणी इंग्लंडला गेलेला अझीम रफिक हा यॉर्कशायर क्लबचा माजी क्रिकेटपटू. क्लबमध्ये आपल्याला वंशद्वेषी वागणूक मिळाली, असे त्याने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले. क्लबने चौकशी नेमली. त्याचा वांशिक छळ झाला हे २०२१ मध्ये क्लबने मान्य केले, पण कोणावरही कारवाई होणार नाही असे जाहीर केले. मग नोव्हेंबरात बाहेर आले की, एका सहकाऱ्याने त्याला वारंवार 'पाकी' म्हणणे हे चौकशी अहवालाने मैत्रीतले 'बँटर' मानले होते.

'पाकी' हे दिसायला देशाच्या नावाचे लघुरूप आहे. पण ब्रिटनमध्ये १९७० च्या सुमारास दक्षिण आशियाई माणसांना रस्त्यात गाठून मारण्याच्या प्रकाराला 'पाकी-बॅशिंग' म्हणत. मारणारा समोरच्याचे पारपत्र तपासत नव्हता. भारतीय असो वा आजचा बांगलादेशी, सर्वांना तोच शब्द आणि तोच मार होता. तो शब्द 'बँटर' कसा असेल?

१६ नोव्हेंबर २०२१ रोजी रफिकने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. क्लबचे अध्यक्ष पायउतार झाले. २०२३ च्या जुलैमध्ये क्रिकेटच्या शिस्तपालन आयोगाने क्लबला चार लाख पौंडांचा दंड केला, त्यातले तीन लाख स्थगित ठेवले, आणि काउंटी स्पर्धेतील ४८ गुण कापले. याच प्रकरणात रफिकने स्वतः २०११ मध्ये पाठवलेले यहुदीद्वेष्टे संदेशही उजेडात आले. त्याने ते आपलेच असल्याचे मान्य करून माफी मागितली. हे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. आपल्याला टोचलेला शब्द वंशद्वेष आणि आपण टोचलेला शब्द गंमत, अशी दोन मापे ठेवून चालत नाही.

स्विफ्टने तीनशे वर्षांपूर्वी सांगितलेला तो मुलामा इथे अगदी स्वच्छ दिसतो. गुंडांच्या गल्लीतून निघालेला शब्द चौकशी अहवालाच्या पांढऱ्या कागदावर जाऊन बसला आणि तिथून माणसाची तक्रार पुसू लागला.

आपल्या घरातले शब्द

इंग्रजीचा पंचनामा करून आपण नामानिराळे राहू शकत नाही. मराठीतला 'मस्करी' हा शब्द अरबी 'मस्खरा'वरून आला आहे. त्याचे मूळ 'सखिर', म्हणजे उपहास करणे. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एका समूहाने दुसऱ्या समूहाला हसू नये अशी ताकीद आहे, तिथे याच मुळाचे क्रियापद येते. आणि अबू दाऊद यांच्या संग्रहात एक हदीस आहे. प्रवासात एक सहाबी झोपले असताना सोबत्यांनी त्यांची दोरी गुपचूप उचलली. जागे झाल्यावर ते दचकले. आजच्या भाषेत हा निव्वळ प्रँक. कोणाला मारले नाही, काही चोरले नाही. पण मुसलमानाने मुसलमानाला घाबरवणे उचित नाही, असे पैगंबर साहेबांनी तिथे सांगितले. दोरीची किंमत काय, हा प्रश्नच नव्हता. दचकलेल्या माणसाचा होता.

याचा अर्थ हसूच नये असा मुळीच नाही. बिनहसूचा वर्ग आम्हाला तरी चालवता येणार नाही. हसण्यासाठी उर्दूने एक फार सुंदर शब्द दिला आहे, 'मजाक'. तो 'जौक'च्या घराण्यातला. त्याचा मूळ अर्थ चव, चव घेणे. आपल्या 'मजा' या फारसी शब्दाचाही मूळ अर्थ तोच. मुलांना आम्ही हे दोन शब्द फळ्यावर लिहून समजावतो आणि पुढचे त्यांना आपोआप कळते. पदार्थ रुचकर झाला की नाही ते वाढणाऱ्याने सांगायचे नसते, खाणाऱ्याने सांगायचे असते.